उन्हाळी धान आणि बोअरचं पाणी: एक किलो तांदळाला खरंच अडीच हजार लिटर लागतं का?

झाडीपट्टी_लाखांदूर:

नमस्कार मंडळी. आमची शेती भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर तालुक्यात. पावसाळ्यात धान सगळेच लावतात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण गेल्या काही वर्षांत गावात बोअर वाढले, मोटारी बसल्या आणि अर्धं गाव उन्हाळी धानाच्या मागे लागलं. डिसेंबर-जानेवारीत पऱ्हे (म्हणजे धानाची रोपं) टाकायचे, फेब्रुवारीत रोवणी आणि मग कापणीपर्यंत बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाणी उभंच. मार्च सरला की गावातले हँडपंप नुसती हवा मारतात, आमच्या घरची विहीर कधी आटलेली बाबांना आठवत नाही, ती आता एप्रिलमध्ये तळ दाखवते.

लहान बहीण नागपूरला शिकते. ती म्हणते दादा एक किलो तांदळाला अडीच हजार लिटर पाणी लागतं, वरून धानाच्या शेतातून मिथेन निघतो त्यानं हवामान तापतं, तुम्ही धान सोडा. बाबा म्हणतात पणजोबापासून आपण धानच पिकवतो, तेव्हा नाही आटल्या विहिरी त्या आताच कशा आटल्या. मला दोघांचंही बोलणं बरोबर वाटतं आणि तिथंच गाडी अडते.

तर मला विचारायचं हे की हा आकडा खरा आहे का, आणि असेल तर एवढं पाणी जातं कुठं, पीक तर तेवढं पीत नसेल ना. दुसरं म्हणजे बांधीत सतत पाणी उभं ठेवायची खरंच गरज असते का. आणि उन्हाळी धान सोडला तर लावायचं काय, कारण चारही बाजूंनी लोकांचा धान असला की त्यांच्या बांधीतलं पाणी झिरपून आपल्या शेतात येतं, भुईमूग सडतो, आणि जे वाचतं ते रानडुकरं खातात. धानाला निदान हमीभाव आहे, खरेदी केंद्र आहे. अनुभवी लोकांनी सांगा, आमची चार एकर आहे, सगळी बोअरवर.


माती_मोजमाप:

भाऊ, आकडा खोटा नाही, पण तो कुठल्या शेताचा आहे हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. तुमच्याच शेताचा हिशोब करू. एक एकर म्हणजे साधारण ४००० चौरस मीटर, त्यावर एक इंच पाणी उभं केलं की झालं एक लाख लिटर. उन्हाळी धानाला चिखलणीपासून कापणीपर्यंत सगळं मिळून १२०० ते १५०० मिलीमीटर पाणी दिलं जातं, जमीन हलकी असेल तर त्याहून जास्त. म्हणजे एकरी ५० ते ६० लाख लिटर. एकरी २० क्विंटल झाला असं धरा, म्हणजे किलोमागे २५०० ते ३००० लिटर. आणि हा झाला धान, तांदूळ नाही. भरडल्यावर क्विंटलमागे ६५-६७ किलो तांदूळ हाती येतो, म्हणजे तांदळाच्या किलोमागे ४००० च्या घरात गेलो. कुणी अडीच हजार सांगतं, कुणी चार, कुणी पाच, ते यामुळेच. कुणी धान मोजतं कुणी तांदूळ, कुणी पावसाचं पाणी धरतं कुणी धरत नाही.

आता पाणी जातं कुठं. पीक आणि ऊन मिळून जे उडवतात ते साधारण ६०० ते ७०० मिलीमीटर, एप्रिलच्या उन्हात तर रोजचे ७-८ मिलीमीटर. चिखलणीला सुरुवातीलाच दीडशे-दोनशे मिलीमीटर लागतं. बाकीचं सगळं खाली झिरपतं नाहीतर धुऱ्यातून (बांधातून) शेजाऱ्याकडे जातं. बांधीत पाणी जितकं उंच तितका खाली दाब जास्त, तितकं झिरपणं जास्त, त्यामुळे वीतभर पाणी उभं ठेवणारा माणूस पिकाला जास्त पाणी देत नसतो, जमिनीला देत असतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण यावर गोंधळ फार आहे. झिरपलेलं पाणी पूर्ण वाया जात नाही, त्यातलं काही परत भूजलात जातं. पण ते सावकाश जातं आणि एप्रिलमध्ये तुमच्या हँडपंपाला काही ते मिळत नाही. उन्हानं उडवलेलं मात्र गावाच्या हिशोबातून कायमचं गेलं. म्हणून पावसाळी धान आणि उन्हाळी धान एका तराजूत घालू नका. खरिपात तुमच्या भागात १३०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बांधी तो अडवते, जिरवते, विहिरींना उलट आधार होतो. तुमच्या बाबांचं म्हणणं त्या धानापुरतं शंभर टक्के बरोबर आहे. पणजोबांनी उन्हाळ्यात जमिनीखालचं पाणी उपसून धान लावला नव्हता.

बांधीत सतत पाणी लागतं का? नाही. धान पाण्यात तग धरतो, बाकी तण धरत नाही, पाणी उभं ठेवायचं मोठं कारण हे तणाचं. मुळाशी ओल असली की पिकाचं भागतं. याची पद्धत फिलिपीन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं बसवली आहे, एडब्ल्यूडी म्हणतात, म्हणजे आलटून पालटून भिजवणं आणि सुकवणं. पाण्यात २०-३० टक्के बचत होते आणि नीट केलं तर उत्पन्न घटत नाही. कसं करायचं ते विचाराल तर लिहितो.


सतलजकाठी:

मी मूळचा अकोल्याचा, नोकरीनिमित्त बरीच वर्षं लुधियानात आहे. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण तुमच्या गावात जे सुरू झालंय त्याचा शेवट मी इथं रोज बघतो.

पंजाबी माणूस भात फारसा खात नाही, पोळी खातो. १९६०-६१ मध्ये इथं धानाचं क्षेत्र सव्वादोन-अडीच लाख हेक्टर होतं, आता ३० लाख हेक्टरच्या वर आहे. झालं कसं, तर सरकारी खरेदीची हमी आली आणि १९९७ पासून शेतीची वीज फुकट झाली. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर माणूस दुसरं काही लावेलच कशाला, तुम्हीही लावणार नाही मीही लावणार नाही, शेतकऱ्याला यात दोष देणं मला पटत नाही. आज १४ लाखांच्या आसपास ट्यूबवेल आहेत, पावसानं जेवढं भूजल भरतं त्याच्या दीडपटीहून जास्त उपसा होतो. आधी वरच्या वर चालणारे पंप होते, ते बंद पडले, मग सबमर्सिबल, मग आणखी खोल, आणि प्रत्येक वेळी आधी बुडाला तो लहान शेतकरी कारण खोल बोअरचं कर्ज त्यालाच झेपत नाही.

मग २००९ मध्ये कायदा आला की जूनच्या १० तारखेआधी रोवणी करायची नाही, म्हणजे भर उन्हाळ्यातला उपसा कमी होईल. हेतू चांगला होता. पण रोवणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली, गव्हाच्या पेरणीला दिवस उरेनात, पेंढा उचलायला वेळ नाही, लावली काडी. दिल्लीच्या धुराच्या बातम्या येतात त्यातलं एक कारण हे आहे. पुसा ४४ नावाची जात इथं लोकांची लाडकी होती, उत्पन्न भरपूर पण १५५-१६० दिवस शेतात उभी. २०२३ मध्ये राज्य सरकारनं ती बंद करायची घोषणा केली आणि पीआर १२६ वर भर दिला, ती सव्वाशे दिवसांच्या आत होते. महिनाभर आधी शेत मोकळं म्हणजे महिनाभराचं पाणी वाचलं, त्यात रॉकेट सायन्स काही नाही.

महाराष्ट्रातही २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. शेतकऱ्याचं बिल वाचलं याचा आनंदच आहे. पण मोफत वीज, हमीभाव आणि बोनस हे तिन्ही एकाच पिकाच्या पाठीशी उभे राहिले की काय होतं ते इथं येऊन बघा. तुमच्याकडे अजून मामा तलाव (जुने माजी मालगुजारी तलाव) आहेत, पाऊस पंजाबच्या दुपटीहून जास्त आहे. वेळ गेलेली नाही.


सिंधू_अर्जुनी:

मी अर्जुनी मोरगावची, घरची शेती आहे अन् रोवणीलेही जाते. वरच्या दोघा भावांनी हिशोब चांगला सांगितला पण एक बाजू राहून गेली. पाणी कमी ठेवलं का तण येते, अन् ते तण काढते कोण? आम्हीच काढतो, बाया. एप्रिलच्या उन्हात वाकून निंदण करा म्हणा कोणाले. मग माणूस तणनाशक मारते, ते पाण्यातून बोडीत (लहान तळ्यात) जाते, मासोळी मरते. म्हणून पाणी वाचवा म्हणतांना निंदणाचंही सांगा. रोवणी ठेक्यानं देऊन कशीबशी रोप खुपसली तर कोनोविडर (ओळीतून ढकलायचं निंदणाचं यंत्र) चालूच शकत नाही, त्याले दोरी धरून ओळीत लावावं लागते. ओळीत रोवायले वेळ जास्त लागते तर मजुरी जास्त द्या, हे कोणी बोलत नाही.

दुसरं, आमच्याकडं पाणी वाया जाते ते मोटरीच्या ऑटोमुळं. लाइन रात्री येते, माणूस झोपून, ऑटोवर मोटर सुरू होते अन् सकाळपावेतो बांधी भरून धुऱ्यावरून वाहते. मी सकाळी बांधीवर जाते तर वरच्या बांधीतून खालच्या बांधीत, तिथून रस्त्यावर पाणी, अन् त्याच रस्त्यानं बाया गुंड (पाण्याचे हंडे) घेऊन हँडपंपावर चालल्या. हे पाहून जीव तुटते.

अन् धान पूर्ण बंद करा म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं का धानाची बांधी म्हणजे नुसतं पीक नाही. महाराष्ट्रात सारस पक्षी राहिला तो आमच्या गोंदिया जिल्ह्यात, थोडा भंडाऱ्यात, दुसरीकडं नाहीच म्हणा. तो घरटं पावसाळ्यात धानाच्या बांधीत नाहीतर तलावाच्या काठाले करते. बांधीत खेकडे, मासोळ्या, गोगलगायी, बगळे, सगळं त्या पाण्यावर जगते. त्याले धोका पाण्याचा नाही, औषधाचा अन् विजेच्या तारांचा आहे. पावसाळी धान राहू द्या, तलाव नीट करा. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, चार जिल्ह्यांत सहा हजारांवर मामा तलाव आहेत, कोहळी लोकांनी बांधलेले, कितीतरी गाळानं भरले अन् बेशरमाच्या झुडपानं झाकून गेले. काही गावांत बायांनी बेशरम उपटून पाणवनस्पती लावल्या तं मासोळी परत आली. तलावात पाणी राहिलं का विहिरीले राहते, हे आमच्या म्हाताऱ्या लोकांले माहीत होतं.


खाचर_कर्जत:

कोकणातून लिहितोय. आमच्याकडे तीन-साडेतीन हजार मिलीमीटर पाऊस, खाचरात पाणी भरायचा प्रश्न नसतो, काढायचा असतो. इथे किलोला इतके लिटर वगैरे बोलण्यात काही अर्थ नाही, ते आभाळातलं पाणी आहे, भात लावलं नाही तरी पडणारच आणि समुद्रालाच जाणार. पण मातीचं नुकसान आमच्याकडेही होतं. चिखलणीनं माती इतकी बारीक होते की जोरदार सर आली की गढूळ पाण्याबरोबर वाहून जाते, ओढ्याला जुलैत चहासारखं पाणी येतं ती आमचीच माती. शिवाय राब भाजायला, म्हणजे रोपाची जागा भाजून घ्यायला, फांद्या, पालापाचोळा, शेण जाळायचं, वरकस (उताराच्या हलक्या) जमिनीवरची झाडं त्यात तुटतात.

आमच्या नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी एसआरटी म्हणजे सगुणा राईस टेक्निक काढली त्यात नांगरणी, चिखलणी, लावणी यातलं काहीच नाही. एकदा गादीवाफे करायचे, लोखंडी साच्यानं ठरावीक अंतरावर भोकं पाडून त्यात भात टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची आणि त्याच वाफ्यावर पुढचं पीक घ्यायचं, वाल म्हणा हरभरा म्हणा. मुळं कुजून जमीन भुसभुशीत होते, गांडुळं दिसायला लागतात, पाणी उभं राहत नाही. आमच्या शेजारच्या वाडीत लोक करतात आणि मजुरीचा खर्च खूप कमी झाला हे मी डोळ्यांनी बघितलंय. तणनाशकावर मदार आहे ही त्यातली मला खुपणारी बाजू, सिंधूताईंचा मुद्दा तिथेही लागू पडतो. पण पूर्व विदर्भात ज्याला मजूर मिळत नाही त्यानं निदान अर्ध्या एकरावर करून बघायला हरकत नाही.


मिथेनवाली_मीनल:

बहिणीच्या मिथेनच्या मुद्द्याला कुणी हात लावला नाही म्हणून मी लिहिते, पर्यावरणशास्त्रात एमएस्सी केलंय आणि हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

पाणी उभं राहिलं की मातीत हवा जाणं बंद होतं. काही दिवसांत असलेला ऑक्सिजन संपतो आणि मग बिनहवेचे जिवाणू शेण, पेंढा, मुळांचे अवशेष कुजवून मिथेन बनवतात. धानाच्या खोडात आतून पोकळ नळ्या असतात, त्यातून मुळांना हवा पोचते म्हणून तर धान पाण्यात जगतो, आणि त्याच नळ्यांतून उलट दिशेनं मिथेन बाहेर येतो. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा २७-२८ पट तापवतो. माणसामुळे जगात जेवढा मिथेन हवेत जातो त्यातला साधारण ८ ते १० टक्के भातशेतीतून येतो. म्हणजे बहीण चुकत नाहीये. पण यावर उपाय धान सोडणं हा नाही, मधूनमधून बांधी सुकू देणं हा आहे. माती सुकली, भेगा पडायच्या बेताला आली की हवा आत जाते आणि ते जिवाणू थंडावतात, मिथेन जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणजे मोजमापवाल्या दादांनी सांगितलेली पद्धत पाण्यालाही लागू आणि हवेलाही.

दोन गोष्टी सांभाळा. एक, ताजं तणस (धानाचा पेंढा) चिखलणीच्या वेळी पाण्यात गाडू नका, त्यानं मिथेन भयंकर वाढतो. खड्ड्यात कुजवून खत करून घाला नाहीतर कापणी झाल्या झाल्या कोरड्या जमिनीत मिसळा म्हणजे हवेत कुजेल. दोन, युरिया वरून फेकू नका. शेत कोरडं-ओलं होत असताना फेकलेल्या युरियातून नायट्रस ऑक्साइड निघतो, तो तर कार्बन डायऑक्साइडच्या २७० पट आहे. युरिया-डीएपीच्या ब्रिकेट मिळतात, त्या चार चुडांच्या (रोपांच्या झुबक्यांच्या) मधोमध चिखलात ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायच्या, आपल्याकडच्या चारसूत्री भात लागवड पद्धतीत हे आधीपासून सांगितलेलं आहे. खत कमी लागतं आणि विहिरीच्या पाण्यात नायट्रेट जाणंही कमी होतं.


झाडीपट्टी_लाखांदूर:

सगळ्यांचे मनापासून आभार, बाबांनाही वाचून दाखवलं. पावसाळी धान चांगला म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. सिंधूताई, तुमचं ऑटोचं बोलणं आमच्या गावालाही लागू आहे.

मोजमाप दादा, ते भिजवणं-सुकवणं कसं करायचं ते नीट सांगा. शिवाय आमच्याकडे तुडतुड्याचा (धानाचा रस शोषणाऱ्या किडीचा) त्रास फार आहे, बांधी सुकवली तर तो वाढेल का कमी होईल? आणि माझ्या एकट्यानं पाणी कमी केल्यानं गावच्या हँडपंपाला काही फरक पडेल का, की शेजारी तेच पाणी ओढून घेतील?


माती_मोजमाप:

आधी पाइपाचं सांगतो. चार किंवा सहा इंची पीव्हीसी पाइपाचा फूट-सव्वा फुटाचा तुकडा घ्या. खालच्या २० सेंटिमीटरला चहूबाजूंनी बारीक भोकं पाडा. भोकांचा भाग जमिनीत आणि वरचा भाग बाहेर असा धुऱ्याजवळ, हात पोचेल तिथं पण धुऱ्याला चिकटून नाही, असा ठोका. आतला चिखल हातानं काढून टाका. आता पाइपात जे पाणी दिसतं ती तुमच्या शेताची खरी पातळी. बांधी वरून कोरडी दिसली तरी पाइपात पाणी जमिनीच्या खाली चार बोटं असू शकतं, म्हणजे मुळांना भरपूर आहे, मोटर सुरू करायची नाही. पातळी १५ सेंटिमीटर खाली गेली की पाणी द्या, ते बांधीत ५ सेंटिमीटर उभं राहील एवढंच, आणि परत उतरू द्या. पाइप तुम्ही स्वतः बघा, सालगड्यावर सोडू नका, पहिल्या हंगामात तरी.

रोवणीनंतर दोन-तीन आठवडे हे करायचं नाही, तेव्हा थोडं पाणी राहू द्या, तण तेव्हाच दाबलं जातं. ओळीत रोवून कोनोविडर फिरवला तर सिंधूताईंनी सांगितलेला त्रास बराच कमी होतो, त्यासाठी मजुरी वाढवून द्या, औषधाच्या खर्चात ते पैसे निघतात. निसवायच्या (लोंब बाहेर पडायच्या) आठवडाभर आधीपासून फुलोरा संपेपर्यंत पाण्याची तोड अजिबात करू नका, त्या वेळी ताण बसला की लोंब पोचट राहते आणि मग लोक पद्धतीला नावं ठेवतात. दाणे भरल्यावर, कापणीच्या दहा-पंधरा दिवस आधी पाणी पूर्ण बंद. तुडतुड्याला तर दाट रोवणी, जास्तीचा युरिया आणि साचलेलं पाणी हेच मानवतं, तो दिसला की तीन-चार दिवस पाणी काढून टाका असंच सांगितलं जातं, त्यामुळे घाबरू नका.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. पाइपानं मोटरीचे तास कमी होतील, पण वर लिहिलं तसं ऊन जे उडवतं ते फारसं कमी होत नाही. हँडपंप वाचवायचे असतील तर गावातलं उन्हाळी धानाचं क्षेत्र कमी व्हायला हवं आणि जे राहील ते लवकर उरकायला हवं. कमी दिवसांची जात घ्या, रोवणी जानेवारी अखेरपर्यंत आटपा म्हणजे मे महिन्याचं ऊन लागायच्या आत कापणी होईल. पऱ्हे थंडीत पिवळे पडतात, रात्री झाकून ठेवा. चारपैकी दोन एकर यंदा मोकळी करून तिथं पावसाळी धान निघता निघता ओलीवर लाखोळी (लाखेची डाळ), जवस किंवा हरभरा घ्या, हे आपल्या भागातलं जुनं उतेरा आहे, पाणीच लागत नाही. मूग साठ-पासष्ट दिवसांत निघतो.

झिरपणाऱ्या पाण्याचा आणि डुकरांचा त्रास एकट्याला झेपणारा नाही. एका ट्रान्सफॉर्मरवरचे, एका शिवारातले लोक बसवा, वरच्या अंगाला धान आणि खाली मूग असं करू नका, सलग पट्टा एका पिकाचा ठेवा म्हणजे राखणही एकत्र होते. ग्रामसभेत पिण्याच्या विहिरीभोवतीचं शिवार उन्हाळी धानातून मोकळं ठेवायचं एवढा एकच ठराव घेता आला तरी घ्या. बैठक दिवाळीनंतर लगेच लावा, लोकांनी पऱ्ह्याचं बियाणं घ्यायच्या आधी. कोणत्या जाती तुमच्या मातीत चालतील ते साकोलीच्या संशोधन केंद्रावर जाऊन विचारा, सोबत मातीचा नमुना न्या.